कुंभकापासून फ्रीडायव्हिंगपर्यंत : श्वासरोधाच्या सरावाचा इतिहास आणि बारामती–इंदापूर परिसरासाठी त्याचा अर्थ

प्रस्तावना

श्वास रोखून धरण्याची क्षमता वाढविणे हा विषय आज प्रामुख्याने फ्रीडायव्हिंग, म्हणजे कोणत्याही श्वसनयंत्राविना एका श्वासावर खोल पाण्यात उतरणे, या क्रीडाप्रकाराच्या संदर्भात चर्चिला जातो. त्यामुळे हा विषय पाश्चात्त्य आणि समुद्रकिनाऱ्यापुरता मर्यादित आहे असा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात श्वासरोधाचा पद्धतशीर सराव भारतीय योगपरंपरेत किमान काही शतके सांगितला गेला आहे. आणि या सरावाच्या आधुनिक प्रयोगशाळीय परीक्षणाचा एक महत्त्वाचा आरंभ पुणे जिल्ह्यातच, लोणावळा येथे, १९२४ मध्ये झाला.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके समुद्रापासून दूर असले तरी पाण्यापासून दूर नाहीत. नीरा डावा कालवा, भीमा व नीरा या नद्या, शेतोशेतीच्या विहिरी आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय यांमुळे येथील मुलांचे पाण्याशी नाते बालपणापासून जडते. विहिरीत सूर मारणे, बुडी घेऊन तळाचा दगड काढून आणणे, पाण्याखाली कोणाचा दम अधिक टिकतो याची पैज लावणे हे खेळ येथे कोणी शिकवावे लागत नाहीत. म्हणूनच श्वासरोधाचा इतिहास हा या परिसरासाठी केवळ कुतूहलाचा विषय नाही.

लेखाची उद्दिष्टे

१. योगग्रंथांतील कुंभकविचाराचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. लोणावळा येथील कैवल्यधाम संस्थेच्या संशोधनाने या विचारात कोणता बदल घडवून आणला हे पाहणे.
३. फ्रीडायव्हिंगमधील श्वासरोधाच्या सरावाशी या संशोधनाची तुलना करून त्यातून जलसुरक्षेसंबंधी निघणारा बोध मांडणे.

ग्रंथपरंपरेतील श्वासरोध

पाण्याखाली दीर्घकाळ राहण्याची कल्पना भारतीय मनाला महाभारताने परिचित करून दिली. शल्यपर्वात सैन्याचा संहार झाल्यावर दुर्योधन द्वैपायन डोहात शिरून राहतो. व्याधांकडून पांडवांना त्याचा ठाव लागतो आणि युधिष्ठिराचे बोल सहन न होऊन तो पाण्याबाहेर येतो. बारामतीला दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘आर्याभारता’त संपूर्ण महाभारत मराठीत आणले, त्यामुळे हा प्रसंग या परिसराच्या वाङ्मयीन वारशाचाही भाग आहे. मात्र येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. दुर्योधनाने योजिलेला उपाय जलस्तंभनाचा, म्हणजे मायेने पाणीच थोपवून धरण्याचा आहे. तो श्वास रोखण्याचा नाही. लोकसमजुतीत मात्र हे दोन्ही विषय एकमेकांत मिसळले आणि ‘सिद्ध पुरुषाला श्वासाची गरज उरत नाही’ ही धारणा दृढ झाली.

योगग्रंथांची भूमिका याहून बरीच संयत आहे. पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात प्राणायामाची व्याख्या श्वास-प्रश्वासांच्या गतीचा विच्छेद अशी केलेली आहे. देश, काल व संख्या यांनी मोजून तो हळूहळू दीर्घ व सूक्ष्म करावयाचा असतो. मराठीत ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात मूलबंध, जालंधरबंध व उड्डियानबंध यांचे वर्णन येते, म्हणजे श्वासनियमनाशी निगडित या क्रिया तेराव्या शतकातच मराठी श्रोत्यांपुढे मांडल्या गेल्या होत्या.

स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत कुंभकाचे आठ प्रकार सांगितले आहेत : सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा व प्लाविनी. यांपैकी शेवटच्याचा पाण्याशी थेट संबंध आहे. उदर वायूने भरून कमळाच्या पानाप्रमाणे अगाध पाण्यावर तरंगणे असे प्लाविनीचे फळ सांगितले आहे. हे वर्णन तरंगण्याचे आहे, बुडी घेण्याचे नाही, हेही नोंदविण्याजोगे आहे. त्याच ग्रंथात एक गंभीर इशारा आढळतो. सिंह, हत्ती व वाघ यांना जसे क्रमाक्रमाने माणसाळवावे लागते तसाच प्राणवायू वश करावा, घाई केल्यास तो साधकाचाच घात करतो, असे ग्रंथकार बजावतो. श्वासरोधाच्या सरावात क्रमाला असलेले महत्त्व याहून नेमकेपणाने सांगणे कठीण आहे.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

या परंपरेला प्रयोगशाळेच्या कसोटीवर आणण्याचे श्रेय स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांना द्यावे लागते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले आणि मालसरचे परमहंस माधवदास यांच्याकडून योगाची दीक्षा घेतली. व्यायामशाळा आणि आश्रम या दोन्हींचे संस्कार त्यांच्या कार्यात शेवटपर्यंत दिसतात. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम संस्थेची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. या त्रैमासिकाच्या आरंभीच्या अंकांत उड्डियान व नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेले अभ्यास प्रसिद्ध झाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते असे त्यांना आढळले, आणि गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी तिला ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले.

कुवलयानंदांच्या कार्यातील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग म्हणजे प्राणायाम आणि प्राणवायू यांच्या संबंधाविषयीची त्यांची भूमिका. प्राणायामाने शरीरात अधिक ऑक्सिजन भरला जातो आणि तोच त्याचा लाभ, असा सुशिक्षितांमध्ये रूढ झालेला समज त्यांनी मान्य केला नाही. संथ श्वसन व कुंभक यांत मिनिटाला घेतलेल्या श्वासांची संख्याच घटते, त्यामुळे ऑक्सिजनच्या साठ्याचा युक्तिवाद टिकत नाही. प्राणायामाचे मूल्य मज्जासंस्थेवर व शरीरांतर्गत दाबांवर होणाऱ्या परिणामांत शोधावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नवशिक्यांनी आरंभी कुंभक टाळून केवळ पूरक-रेचकाचा अभ्यास करावा, ही त्यांची शिस्तही याच विचाराला धरून होती.

या भूमिकेची पार्श्वभूमी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९०५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन व जॉन प्रीस्टली यांनी असे दाखवून दिले होते की, नेहमीच्या परिस्थितीत श्वास घेण्याची प्रेरणा ऑक्सिजनच्या कमतरतेतून निर्माण होत नाही, तर रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. दम कोंडल्याची जी तीव्र जाणीव होते ती मुख्यतः या वायूची सूचना असते. लोणावळ्याचे कार्य सुरू झाले तेव्हा या शोधाला दोन दशकेही झाली नव्हती.

येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर टी. बेहानन हे १९३० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यास येऊन कुवलयानंदांकडे योग शिकले. पुढे स्वतःवरच केलेल्या मापनांचे निष्कर्ष त्यांनी १९३७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. नेहमीच्या श्वसनाच्या तुलनेत ऑक्सिजनचा वापर उज्जायीत सुमारे २४.५ टक्के, भस्त्रिकेत १८.५ टक्के व कपालभातीत १२ टक्के अधिक आढळला. प्राणायामाच्या या प्रकारांत शरीर ऑक्सिजनची बचत करीत नाही, उलट श्वसनस्नायूंच्या कामामुळे त्याचा खर्च वाढतो, असे या आकड्यांवरून दिसते. एकाच व्यक्तीवरील या नोंदींना मर्यादा आहेत. तथापि ‘साठ्या’च्या कल्पनेला त्यांतून आधार मिळत नाही, हे स्पष्ट आहे.

भूगर्भसमाधीचे परीक्षण

श्वासावर विजय मिळविल्याच्या दाव्यांचे सर्वांत लोकप्रिय रूप म्हणजे जमिनीखाली पुरून घेण्याचे प्रयोग. १९६१ मध्ये बी. के. आनंद, जी. एस. छिना व बलदेव सिंग यांनी रामानंद योगी यांचा हवाबंद पेटीतील वास्तव्याच्या काळात अभ्यास केला. त्यांचा ऑक्सिजनचा वापर शरीराच्या मूलभूत गरजेच्याही खाली गेल्याचे त्यांना आढळले. पुढे कैवल्यधामचे पी. व्ही. करंबेळकर, एस. एल. विनेकर व एम. व्ही. भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास करून तो १९६८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध केला.

या अभ्यासांचे ऐतिहासिक महत्त्व दुहेरी आहे. संथ, निश्चल अवस्थेत शरीराचा ऑक्सिजनचा खर्च घटू शकतो, ही गोष्ट त्यांतील पहिल्या अभ्यासाने दाखविली. त्याचबरोबर बंद जागेतील वास्तव्य हा श्वास थांबविण्याचा प्रकार नसून उपलब्ध हवा पुरवून वापरण्याचा प्रकार आहे, हेही उघड झाले. खड्ड्यातील मनुष्य श्वास घेतच असतो. खड्ड्यातील हवेचे घनफळ आणि वाढत जाणारा कार्बन डायऑक्साइड हीच त्याची मर्यादा असते. चमत्काराचे रूपांतर मोजता येणाऱ्या घटनेत करणारी ही दृष्टी लोणावळ्याच्या संशोधनाची खरी देणगी होय.

पाण्याखालील श्वासरोध

ज्या वर्षी करंबेळकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच १९६८ मध्ये अमेरिकन नौदलाशी संबंधित रॉबर्ट क्रॉफ्ट या पाणबुड्यावरील शेफर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर ६ लिटर असलेली फुप्फुसांतील हवा १०० मीटर खोलीवर, म्हणजे ११ वातावरणांच्या दाबाखाली, जेमतेम अर्धा लिटर उरते. या हिशेबाने माणसाची छाती फार खोलवर दाब सहन करू शकणार नाही असे मानले जात होते. खोल बुडीत हातापायांतील रक्त छातीच्या पोकळीत सरकते व मोकळी झालेली जागा भरून काढते, हे या अभ्यासाने दाखविले.

२३ नोव्हेंबर १९७६ रोजी फ्रेंच पाणबुडे जॅक मेयोल (१९२७–२००१) इटलीतील एल्बा बेटाजवळ एका श्वासावर १०० मीटर खोल उतरले. ही खोली गाठणारे ते पहिले मानव मानले जातात. मेयोल योग व प्राणायामाचे अभ्यासक होते. त्यांच्यानंतर संथ श्वसन, शिथिलीकरण आणि उड्डियानबंध यांना फ्रीडायव्हिंगच्या प्रशिक्षणात स्थिर स्थान मिळाले. उड्डियानात पूर्ण रेचक करून श्वासपटल वर खेचले जाते. छातीचा पिंजरा व श्वासपटल लवचीक करण्यासाठी पाणबुडे हीच क्रिया जमिनीवर करतात. लोणावळ्यात ज्या क्रियेची क्ष-किरणचित्रे घेतली गेली तीच क्रिया अर्ध्या शतकानंतर पाणबुड्यांच्या सरावात दिसावी, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. दोन्ही ठिकाणी श्वासपटलावरील नियंत्रण हेच साध्य आहे.

क्रीडेच्या बाहेरही श्वासरोधाची जिवंत परंपरा आहे. कोरियातील हेन्यो व जपानमधील आमा या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या शंख-शिंपले व शेवाळ गोळा करण्यासाठी बुड्या घेत आल्या आहेत. बुडीच्या काळात आमा स्त्रियांची प्लीहा आकुंचन पावून रक्तात अधिक तांबड्या पेशी सोडते, असे १९९० मध्ये आढळले. आग्नेय आशियातील बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे ५० टक्के मोठी असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निश्चल अवस्थेतील श्वासरोधात फ्रान्सच्या स्टेफान मिफ्सुद यांनी २००९ मध्ये ११ मिनिटे ३५ सेकंदांचा विक्रम नोंदविला.

सरावाने नेमके काय बदलते?

वरील इतिहासाच्या आधारे श्वासरोधाच्या सरावाचे तीन घटक सांगता येतात. पहिला घटक खर्चाचा आहे. शरीर शिथिल, मन शांत आणि हालचाल कमी असेल तर ऑक्सिजन सावकाश खर्च होतो. चेहऱ्याला गार पाणी लागताच हृदयाचे ठोके मंदावण्याची जी नैसर्गिक प्रतिक्रिया सस्तन प्राण्यांत असते, तिचाही येथे उपयोग होतो.

दुसरा घटक सूचनेचा आहे. फ्रीडायव्हिंगच्या सरावात ठरावीक वेळ श्वास रोखून प्रत्येक आवर्तनात विश्रांती कमी करत नेली जाते. यामुळे कार्बन डायऑक्साइडची वाढलेली पातळी सहन करण्याची सवय लागते. दम कोंडल्याची जाणीव नाहीशी होत नाही, परंतु तिच्यामुळे होणारी घबराट कमी होते. डब्ल्यू. एस. फाउलर यांच्या १९५४ च्या प्रयोगात याविषयी एक मार्मिक गोष्ट दिसून आली. श्वास रोखणे अशक्य झालेल्या व्यक्तींना ऑक्सिजन कमी व कार्बन डायऑक्साइड अधिक असलेला वायू श्वसनासाठी दिला, तरी छातीची हालचाल झाल्यामुळेच त्यांना आराम वाटला आणि त्या पुन्हा श्वास रोखू शकल्या. म्हणजे दम सुटण्याच्या क्षणात रक्तातील वायूंबरोबर श्वसनस्नायूंच्या संवेदनांचाही वाटा असतो.

तिसरा घटक लवचीकतेचा, म्हणजे छाती व श्वासपटल यांच्या क्षमतेचा आहे.

या तिन्हींत ‘श्वास साठवून ठेवणे’ हा घटक नाममात्र आहे. निरोगी माणसाच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन नेहमीच्या श्वसनातही सुमारे ९७ ते ९८ टक्के ऑक्सिजनयुक्त असते. बुडीपूर्वी भराभर दहा-वीस खोल श्वास घेतल्याने रक्तातील ऑक्सिजनमध्ये फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने बाहेर टाकला जातो. परिणामी धोक्याची सूचना उशिरा मिळते. दम पुष्कळ टिकला असे वाटत असतानाच मेंदूला पुरणारा ऑक्सिजन संपतो आणि बुडी घेणारा कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होतो. पोहणाऱ्यांमधील अशा बेशुद्धीची कारणमीमांसा अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्येच केली होती. खोल पाण्यातून वर येताना दाब घटत असल्याने फुप्फुसांतील ऑक्सिजनचा आंशिक दाबही घसरतो आणि धोका शेवटच्या काही मीटरमध्ये सर्वाधिक होतो. परंतु यासाठी समुद्राची खोली लागत नाही. उथळ तलावातही केवळ वेळ लांबल्याने हेच घडू शकते.

येथे योगपरंपरेचा एक प्रश्न उपस्थित होतो. भस्त्रिकेत जलद श्वसनानंतर कुंभक सांगितलेला आहे. क्रमाच्या दृष्टीने तो वरील धोकादायक प्रकारासारखाच आहे. मग तो निषिद्ध का नाही? याचे उत्तर स्थळात आहे. प्राणायाम आसनस्थ होऊन, जमिनीवर करावयाचा असतो. तेथे भोवळ आलीच तर श्वसन आपोआप पूर्ववत सुरू होते. पाण्याखाली बेशुद्ध झालेल्या माणसाचे श्वसन पूर्ववत सुरू होणे म्हणजेच फुप्फुसांत पाणी शिरणे. जमिनीवरील साधना आणि पाण्यातील बुडी यांत फरक न करणे हीच सर्वांत घातक चूक होय.

बारामती–इंदापूर परिसरासाठी निघणारा बोध

या परिसरात पोहणे शिकविण्याची स्वतःची रीत होती. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पाठीला बांधून मूल विहिरीत सोडले जाई आणि घरातील वडीलधारा माणूस पाण्यात किंवा काठावर उभा असे. या रीतीत क्रम होता आणि देखरेख होती, म्हणजे हठप्रदीपिकेने अपेक्षिलेल्या दोन्ही गोष्टी होत्या. आधुनिक फ्रीडायव्हिंगचा पहिला नियमही कधीही एकट्याने बुडी घेऊ नये हाच आहे, आणि पाण्यात सोबत असणाऱ्याने वर आलेल्या बुडीधारकावर काही काळ लक्ष ठेवावयाचे असते.

आज विहिरींची जागा अंशतः शेततळी, कालवा व जलाशय यांनी घेतली आहे. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याच्या निसरड्या उतारावरून बाहेर पडणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही अवघड जाते. कालव्याला वेग असतो. जलाशयाचा वाऱ्याने अचानक पालटणारा स्वभाव २१ मे २०२४ रोजी कुगाव–कळाशी दरम्यान उजनीच्या पाण्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला तेव्हा सर्वांनी पाहिला. ती दुर्घटना श्वासरोधाशी संबंधित नव्हती; परंतु येथे पाणी हा रोजच्या जगण्याचा भाग आहे आणि त्याविषयीचे शिक्षण मात्र अभ्यासक्रमाच्या बाहेर आहे, ही वस्तुस्थिती तिने अधोरेखित केली.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयांना काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. शारीरिक शिक्षण विभागाच्या योगवर्गात कुंभक शिकविताना तो पाण्यात करून पाहू नये, हे स्पष्टपणे सांगता येईल. प्राणिशास्त्र व रसायनशास्त्राच्या वर्गांत श्वसनाचा पाठ शिकविताना बुडीपूर्वीच्या जलद श्वसनाचे उदाहरण घेता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून हाच मुद्दा गावातील मुलांपर्यंत पोहोचू शकेल. पैज लावून बुडी घेणाऱ्या मुलाला ‘भरपूर श्वास भरून घे’ असा सल्ला देणारा मित्र त्याचे भले चिंतीत असतो. तोच सल्ला चुकीचा आहे, हे दोघांनाही ठाऊक नसते.

निष्कर्ष

१. योगग्रंथांतील कुंभकविचार क्रम, मोजमाप व सावधगिरी यांवर आधारलेला आहे. श्वासाची गरजच संपते ही धारणा लोकसमजुतीची आहे.
२. स्वामी कुवलयानंद व त्यांच्या परंपरेतील संशोधकांनी पुणे जिल्ह्यातूनच या विषयाला मोजमापाची शिस्त दिली आणि ऑक्सिजनच्या साठ्याची लोकप्रिय कल्पना नाकारली.
३. फ्रीडायव्हिंगमधील सराव ऑक्सिजनचा खर्च कमी करणे, कार्बन डायऑक्साइडची सूचना शांतपणे सहन करणे आणि श्वासपटल लवचीक ठेवणे यांवर उभा आहे. सूचना सहन करणे आणि जलद श्वसनाने ती सूचनाच दडपून टाकणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत; पहिली सरावाची फलश्रुती आहे, तर दुसरी प्राणघातक आहे.
४. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेला हा विचार त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कालव्याच्या आणि विहिरीच्या काठावरील मुलांपर्यंत अद्याप पोहोचलेला दिसत नाही. हे अंतर भरून काढण्याचे कार्य परिसरातील महाविद्यालये करू शकतात, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान त्यांच्या योगवर्गांत व प्रयोगशाळांत आधीपासूनच उपलब्ध आहे.